वाळल्यावर काढायचा लेप

धोतऱ्याला मी कधी दोष दिला नाही. तो उकिरड्यावर उगवतो, त्याला कोणी पाणी घालत नाही, कोणी त्याची राखण करीत नाही, आणि जे त्याच्या अंगी आहे ते तो कोणापासून लपवीतही नाही. पानाचा वास घेताच शहाण्या माणसाने सावध व्हावे, इतका तो उघड आहे. दोष द्यायचा तर माणसांना द्यावा, आणि त्यातही सर्वांत आधी माझ्या पोटच्या माणसाला. हे आरंभीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याला पाठीशी घालीत आहे असे कोणाला वाटायला नको.

आमच्या घरात सांध्याच्या सुजेवर एक लेप होता. काळ्या धोतऱ्याची पाने, सुंठ, आंबेहळद आणि थोडे जवाचे पीठ, पाट्यावर पाण्यात वाटलेले. माझ्या सासूबाईंनी मला वाटायला शिकवण्यापूर्वी काढायला शिकवले. लेप पातळ लावायचा, केसांच्या उलट दिशेने, म्हणजे तो केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक छिद्रांतून थोडा थोडा आत शिरतो. वाळून त्याला तडे गेले की लगेच काढायचा. वर काही बांधायचे नाही, रात्री लावून निजायचे नाही, आणि कातडी खरचटलेली किंवा फाटलेली असेल तर पाट्याला हातच लावायचा नाही. सासूबाईंचे म्हणणे असे, की धोतरा आत किती जावा हे आपण ठरवीत नाही, कातडी ठरविते. तिला तिचे काम करू द्यावे. मी हे सारे पाळले. शेलूबाजारच्या आसपासच्या किती गावांतून माणसे बैलगाडीत बसून आली आणि पायांनी चालत गेली, पण लेपाचा मोबदला आमच्या घराने कधी घेतला नाही.

काळा धोतरा आणून देई ती भुरीबाई. गावाबाहेर, ओढ्यापलीकडे गायरानालगत बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथली. डोंगरातून डिंक, बिब्बे, मुळ्या गोळा करून ती बाजाराला नेई आणि जाताना धोतऱ्याची जुडी माझ्या ओट्यावर टाकून टोपलीत वांगी-मिरच्या भरून घेई. आम्हा दोघींत गोड बोलणे असे कधी झाले नाही. ती मला माळीण म्हणे, मी तिला बुढे म्हणे. दोघींचे केस पांढरे झाले तरी त्यात बदल नाही.

माझा मुलगा दौलतराव संत्र्याची कलमे बांधण्यात तरबेज होता. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाची साल चाकूने उघडायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे कोवळा कोंब, बसवायचा, वरून केळीच्या सोपटाने घट्ट आवळायचे आणि मेण लावून हवा बंद करायची. मंगरूळपीरपर्यंतचे बागवाले त्याला बोलावीत. त्याने बांधलेला डोळा सहसा वाया जात नसे, आणि हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. हातात कला असलेल्या माणसाला एकदा असे वाटू लागते, की जगातील प्रत्येक वस्तू आपल्याच कलेप्रमाणे चालते. माझ्या मुलाला तसे वाटू लागले होते.

कापसाची वेचणी ऐन भरात होती, तेव्हाची गोष्ट. सन सदतीस. सकाळी बागेत पाणी सोडायला निघाले तो रस्त्यावर माणसे चावडीकडे धावताना दिसली. शेजारच्या चंपतच्या बायकोला, गोजराबाईला, भुरीबाईने करणी केली असे कोणीतरी धावता धावताच सांगितले. आदल्या दिवशी बाजारात डिंकाच्या मापावरून त्या दोघींची बाचाबाची झाली होती. भुरीबाईने गोजराबाईच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहून, हा गुडघा तुला वेचणीला जाऊ देणार नाही, असे तोंडावर म्हटले होते. सूज पाहून कोणीही हेच म्हटले असते. पण सकाळी गोजराबाई भ्रमिष्ट उठली आणि ते साधे वाक्य शाप झाले.

मी चावडीकडे न जाता चंपतच्या घरात शिरले. गोजराबाई खाटेवर बसून हवेतला कापूस वेचीत होती. डाव्या हाताने न दिसणारे बोंड धरायची, उजव्या हाताची तीन बोटे त्यात घालायची, कापूस ओढून ओटीत टाकायची. ओटी भरली की ती उठून रिती करू पाही, आणि घरातल्या दोघी जणी तिला पुन्हा बसवीत. मला पाहताच तिने मला तिची वारलेली नणंद ठरवले आणि, ही सरी माही हाये, तू तुह्या सरीत जाय, असे बजावले. तिचा चेहरा लाल, अंग तापलेले आणि कोरडे, ओठांना ओल नाही. आणि डोळ्यांतील बाहुल्या इतक्या मोठ्या, की बुबुळांना रंग म्हणून उरला नव्हता.

मी लुगडे सारून तिचा गुडघा पाहिला. तो केळीच्या पानात गुंडाळून वर फडक्याने करकचून आवळलेला होता. मी गाठीला हात घातला तसा चंपत मध्ये आला.

"काकू, तुमी मागं सरा. देवऋषी येऊन राह्यला. तिच्या अंगातलं बोलून राह्यलं."

"अंगातलं नाही, गुडघ्यातलं बोलून राह्यलं. सर बाजूले."

तो सरला. पान उघडले आणि तिळाच्या तेलाचा, मेणाचा आणि त्यांच्याखालून धोतऱ्याचा वास आला. गुडघ्याची कातडी सोललेल्या टमाट्यासारखी लाल होती आणि तिच्यावर बोटभर जाडीचा हिरवट थर बसला होता. मी त्या थराकडे पाहत राहिले. 

चंपतने आपण होऊन कोनाड्यातील डबी माझ्या हाती दिली. तिच्यावर कागद चिकटवला होता: प्रयागबाईचा अस्सल लेप. नाव माझे होते, अक्षर दौलतरावाचे. रात्री कसा लावायचा हे त्यानेच समजावून सांगितले, असे चंपत म्हणाला. आधी टाचा घासायच्या वजरीने कातडी लाल होईस्तोवर घासायची, म्हणजे साल मोकळी होते. मग लेप जाड थापायचा. वर केळीचे गरम पान, वर आवळून फडके, आणि सकाळपर्यंत सोडायचे नाही, म्हणजे औषध धरते.

औषध धरते! माझ्या मुलाने बाईच्या गुडघ्यावर कलम बांधले होते. खुंटाची साल उघडतात तशी कातडी उघडली होती, डोळा बसवतात तसा धोतरा बसवला होता, आणि हवा बंद केली होती. पाण्यातला लेप डबीत टिकत नाही, म्हणून तेल आणि मेण घातले होते. वाळणे हाच ज्या औषधाचा लगाम, ते औषध त्याने कधी वाळणारच नाही असे करून ठेवले होते. आणि कितीतरी दिवस घरात मेण कढत होते, त्याचा वास मला येत होता. पण संत्र्याची कलमे बांधणाऱ्या घरात मेण कढवले तर विचारायचे कोणी आणि कोणाला?

मी शिकेकाई कढवायला लावली. गुडघा कोमट पाण्याने धुतला, पुन्हा धुतला, तेलाचा अंश राहणार नाही इतका धुतला. अंगावर ओले फडके, तोंडात थेंब थेंब ताक, खोलीला अंधार. देवऋषी दारात आला तर त्याला ओसरीवरच बसवा, असे घरच्या बायकांना सांगितले आणि डबी घेऊन निघाले.

चावडीसमोर निंबाखाली भुरीबाई जमिनीवर बसलेली होती. तिचे दोन्ही हात चऱ्हाटाने बांधलेले. टोपली पालथी केलेली, डिंकाचे खडे धुळीत पसरलेले, त्यांवरून लोक चालत होते. शेजारी न्हावी धोपटी उघडून बसला होता. ठरले होते ते असे: तिचे डोके भादरून तिला वेशीबाहेर काढायचे, आणि दिवस मावळायच्या आत तांड्याने गायरान सोडायचे. ओढ्याच्या त्या काठाला तांड्याची माणसे गोळा झाली होती. तिचा थोरला मुलगा मोहनसिंग काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता आणि आईकडे पाहत होता. पुढे पाऊल टाकले तर तांड्याचे काय होईल, हे त्याला माहीत होते. इकडच्यांनाही माहीत होते. म्हणूनच ते इतके शूर झाले होते.

ओट्यावर, पाटलांच्या शेजारी, माझा मुलगा बसला होता. त्याने मला पाहिले, मग माझ्या हातातील डबी पाहिली, आणि उठून मला चावडीच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेला.

त्याने काहीही नाकारले नाही. उलट, गेल्या काही बाजारांत डब्या विकल्या, लोकांना गुण आला, असे मोठ्या हुरूपाने सांगू लागला. तुझेच नाव मोठे करीत होतो, म्हणाला. मी विचारले, गोजराबाई डबीने भ्रमली हे तुला कधी कळले. तो खाली पाहू लागला. सकाळी उठल्या उठल्या चंपतने त्याला बोलावून नेले होते. तो गुडघा पाहून आला होता, आणि मग चावडीत जाऊन बसला होता.

"आई, हळू बोल," तो म्हणाला. "भुरीनं या खेपेले धोतराच खराब आनला असंल. अन् नसंल आनला तरी काय? गोजरावैनी सांजेपर्यंत सुधरून जाते. तांड्याचं काय हाये, आज इथं, उद्या दुसरीकडं. आपल्या घराले इथंच राहा लागते."

मी त्याला थोबाडीत मारली नाही. मारली असती तर ती गोष्ट आम्हा दोघांत मिटली असती, आणि मला ती मिटू द्यायची नव्हती. मी त्याच्या मनगटाला धरले, तो मिशा पिकू लागलेला माणूस होता तरी धरले, आणि त्याला चावडीसमोर आणले.

मी सर्वांना सांगितले, की गोजराबाईला करणी झालेली नाही. तिच्या कातडीतून धोतरा आत गेला आहे. लेप माझ्या घरचा, डबी माझ्या मुलाची, भुरीबाईचा काही संबंध नाही. तिचे हात सोडा.

आणि कोणी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

पाटील आदराने उठून उभे राहिले. म्हणाले, काकू, तुमच्या लेपाने आजवर कोणाचे काही वाईट झालेले नाही, माझ्या आईचे पाय तुमच्याच लेपाने चालले. तुम्ही दयाळू आहात म्हणून त्या बुढीचे पाप आपल्या घरावर घेत आहात. इतरांनीही माना डोलावल्या. कातडीवर लावलेली गोष्ट डोक्यात कशी जाईल, असे कोणीतरी मागून विचारले आणि त्याला हशा मिळाला. आयुष्यभर जपलेला नावलौकिक माझ्याच तोंडावर येऊन बसला होता, आणि त्या नावलौकिकाच्या आड माझा मुलगा गप्प उभा होता. एक शब्द त्याने बोलायचा होता. तो बोलला नाही.

तेव्हा माझा राग एकदम शांत झाला. शांत झालेला राग फार कामाचा असतो.

"दौलत," मी म्हटले, "डबीतला लेप चांगला हाये का वाईट?"

तो म्हणाला, चांगला आहे.

"मंग बस इथं. धोतर वर घे."

त्याला कळले. लोकांना कळायला थोडा वेळ लागला. लेप वाईट म्हणावा तर डबी खोटी पडत होती आणि भुरीबाई सुटत होती. चांगला म्हणावा तर गुडघा पुढे करावा लागत होता. त्याने पाटलांकडे पाहिले. पाटलांना ही सुटकेची वाट बरी वाटली. लावून पाहू द्या, म्हणाले, काकूंचेही समाधान होईल, तोवर न्हाव्याने वस्तरा काढू नये. मी भुरीबाईचे हात सोडायला पुन्हा सांगितले. ते मात्र दिवस मावळल्यावर पाहू, असे उत्तर आले. त्या एका उत्तराबद्दल मी पाटलांना त्यांच्या मरणापर्यंत क्षमा केली नाही.

चंपतच्या घरून वजरी, फडके आणि केळीचे पान आणवले. माझ्या घरून वाटलेला ताजा लेप आला. मी सर्वांदेखत माझ्या पायाच्या घोट्याला आणि हाताला तो जुन्या रीतीचा लेप लावला, पातळ, केसांच्या उलट. मग वजरी घेतली आणि माझ्या मुलाचा गुडघा घासला. त्याने जसा सांगितला होता तसाच, लाल होईस्तोवर. त्याने दात आवळले.

"आई, पुरे न."

"साल मोकळी झाली नाही अजून."

डबीतला लेप जाड थापला, गरम पान ठेवले, फडके आवळले. आवळताना त्याच्या वडिलांनी शिकवलेली गाठ मी मुद्दाम मारली. मग त्याच्याशेजारी बसले. सूर्य डोक्यावर येत होता.

माझा लेप निंबाची सावली फारशी सरकण्यापूर्वीच वाळला. त्याला तडे गेले, मी खपल्या उडवल्या आणि पाणी लावून हात-पाय पुसले. लोक माझ्या तोंडाकडे पाहत होते, मी त्यांच्या. काही झाले नाही आणि होणार नव्हते.

दौलतराव सुरुवातीला मजेत होता. लोकांशी थट्टा करीत होता. आईने मला या वयात पुन्हा आंघोळीच्या पाटावर बसवले, म्हणाला. मग त्याने पाणी मागितले. मग पुन्हा मागितले, आणि तोंडाला कोरड पडली असे म्हणून तिसऱ्यांदा तांब्या रिता केला. थट्टा बंद झाली. ऊन उतरू लागले तेव्हा त्याचे गाल आणि मान लाल झाली होती. मी त्याच्या हाती त्याचीच डबी दिली आणि वरचे वाचून दाखवायला सांगितले. त्याने डबी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. जवळचे अक्षर त्याला दिसत नव्हते. स्वतःच्या हाताने लिहिलेले आपल्या आईचे नाव माझ्या मुलाला वाचता येईना.

"कागदच पुसट हाये," तो म्हणाला.

कोणी हसले नाही. पाटलांनी पुढे वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि ते मागे सरले.

मग त्याचे हात सुरू झाले. उजव्या हातात न दिसणारा चाकू धरून त्याने आपल्याच धोतराच्या निरीवर उभा छेद दिला, वर आडवा दिला, अंगठ्याने साल उचलली. हवेतून एक डोळा उचलून नाजूकपणे तिच्यात बसवला. मग सोपट गुंडाळू लागला, खालून वर, प्रत्येक वेढा सारखा. त्याची बोटे इतकी अचूक चालत होती, की निरीत खरोखर खुंट असावा असे पाहणाऱ्याला वाटावे. तो मान वर करून माझ्या पलीकडे, जिथे कोणी नव्हते तिथे पाहून बोलला.

"बाबा, मेन आना न. डोळा वाळून राह्यला."

त्याचे वडील जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. मी जागची हलले नाही. माझ्या छातीत काय झाले ते माझ्यापाशी राहू दे. सगळे पाहत आहेत ना, हे मी पाहत होते.

चंपत पहिला बोलला. तो पुढे येऊन त्या हातांकडे टक लावून पाहत होता.

"गोजरा अशीच कापूस येचत होती," तो म्हणाला. "अशीच."

तेव्हा मी फडके सोडले. शिकेकाईचे पाणी तयार ठेवले होते. गुडघा धुतला, पुन्हा धुतला, डोक्यावर ओला पंचा टाकला आणि दोघांना सांगून त्याला घरी, अंधाऱ्या खोलीत नेऊन निजवले. जाताना तो पाटलांना जंबेरीची रोपे विचारीत होता. तेवढ्यात चंपतच्या घरून निरोप आला, की गोजराबाई शुद्धीत येते आहे, गुडघ्याची आग होते म्हणून रडते आहे आणि भाकर मागते आहे.

न्हाव्याने धोपटी गुंडाळली आणि तो सर्वांआधी निघून गेला. मग एकेक जण जाऊ लागला. सकाळी केवढा गोंगाट करून जमले होते, आणि आता पायांचा आवाज होऊ नये म्हणून जपत होते. कोणाला गाय सोडायची होती, कोणाला दिवा लावायचा होता. चंपत माझ्याकडे आला आणि हात जोडून, चुकलं काकू, म्हणाला.

"मले कायले सांगतं? थे तिथं बसली हाये."

तो तिच्याकडे गेला. चऱ्हाट सोडून तो उभा राहिला तशी मी त्याला खाली पाहायला सांगितले. डिंकाचे खडे धुळीत होते. त्याने ते वेचले, फुंकून टोपलीत ठेवले, आणि सर्व वेचून होईपर्यंत मी त्याला उठू दिले नाही. पाटलांनाही मी जाऊ दिले नाही. तांड्याला गायरान सोडायला सांगितले होते, ते परत घेतले असे त्यांनी ओढ्याच्या काठावर जाऊन मोहनसिंगला स्वतःच्या तोंडाने सांगावे, अशी माझी मागणी होती, आणि त्यांना ती मान्य करावी लागली. भुरीबाई टोपली उचलून माझ्यासमोरून गेली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

दौलतराव दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्ण शुद्धीवर आला. फडके बांधल्यानंतरचे त्याला काही आठवत नव्हते. मी त्याला सर्व सांगितले, वडिलांना मारलेल्या हाकेसह. मग म्हटले, की जिथे जिथे डबी विकलीस तिथे तिथे जायचे, ती परत घ्यायची, आत काय आहे आणि त्याने काय होते ते भर चौकात सांगायचे, आणि ते होईपर्यंत माझ्याशी बोलायचे नाही. तो निघाला. भाकरी त्याच्या बायकोने बांधून दिली, मी दिली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी भुरीबाई माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली. टोपलीत धोतरा नव्हता. तिने दोन्ही मनगटे माझ्यापुढे केली. ती सुजून काळीनिळी झाली होती.

"लाव तुहा लेप," ती म्हणाली. "पन आधी तुह्या हाताले लाव. मी पाहीन, मंग."

इतक्या वर्षांत कोणी मला असे म्हटले नव्हते. लेप मागायला आलेले माणूस आणि माझ्या हाताची परीक्षा!  मग मला आठवले, की याच ओट्यावरून निघालेल्या मुलाने तिला न्हाव्यापुढे बसू दिले होते. मी पाट्याकडे गेले, घरातल्या सुकवलेल्या पानांचा लेप वाटला, माझ्या मनगटाला लावला आणि तो वाळेपर्यंत दोघी बसून राहिलो. वाळला तसा मी तो काढला.

मग तिचा हात उजेडात धरला. जिथे दिवसभर चऱ्हाट घासले होते, तिथली कातडी गेली होती ती अजून आली नव्हती. बांगडीसारखी एक ओली, लाल रेघ मनगटाभोवती फिरली होती.

"आज नाही लावत," मी म्हटले.

तिने हात ओढून घेतला. "माहीत होतं मले."

"तुले काही माहीत नाही, बुढे. साल गेली हाये तुही. इथून धोतरा सरळ आत जाते, गोजरीले गेला तसा. कातडी आली की ये. तवर कोनी लावतो म्हनलं तं लावू देजो नोको. मी म्हनलं तरी नोको."

 मी घरातून तूप आणले आणि मनगटे नुसत्या पाण्याने धुऊन त्या रेघेवर तूप लावले. 

तेवढ्यात दौलतराव फाटकातून आत आला. खांद्यावरच्या पिशवीत डब्या वाजत होत्या. तिला पाहून तो थबकला. भुरीबाईने मान न वळवता मला म्हटले:

"याले इचार, चावडीत याच्या तोंडाले कोनता लेप लावला होता? वाळला का नाही अजून?"

मी विचारले नाही. मी त्याच्याकडे पाहिलेही नाही. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भुरीमाय," तो म्हणाला, "चावडीत येऊन बसलो तवाच मले माहीत होतं. डबीचा दोष होता. मी बोललो नाही."

ती उठली, बागेकडे वळली आणि टोपलीत वांगी तोडून भरू लागली. धोतऱ्याच्या जुडीवाचून, न विचारता, नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त, कोवळी कोवळी निवडून. दौलतरावाने पुढे होऊन टोपली डोक्यावर द्यायला हात लावला, तर तिने तो झटकला आणि टोपली स्वतः उचलली. 

फाटकाशी जाऊन ती थांबली.

"कातडी आली की पाहू, माळीण," ती म्हणाली, आणि बाजाराच्या वाटेला लागली.